रतनबाईचं शैक्षणिक वर्ष

सत्तावीस वर्षं मेंढरांमागं चाललेली रतनबाई आज नेकनूरकडच्या आपल्या जुन्या शाळेत आली होती, तीही नवं लुगडं नेसून. धाकटी लेक ऋतुजा यंदा दहावीला होती आणि तिनं आईच्या मागं लकडाच लावला होता, "तूबी बस की माझ्यासंगं!" बाहेरून दहावीला बसायला पाचवी पास असल्याचा दाखला लागत होता. रतनबाईनं मात्र जन्मभर सगळ्यांना 'चौथी शिकले' असंच सांगितलेलं.

"शैक्षणिक वर्ष कोणतं, मावशी?" लिपिक वर्षाराणीनं विचारलं.

"नव्वद."

वर्षाराणीनं नव्वद-एक्क्याण्णवची पानं चाळली. पाचवीत नाव नव्हतं. आपण उगाच आलो असं वाटून रतनबाई उठायलाच लागली.

"थांबा हो. शाळा नेमकी कधी सोडली?"

"पाडवा झालता. पाचवीची वार्षिक परीक्षा दिली आन् दुसऱ्या दिवशी बापासंगं मेंढरं घेऊन गेलते. निकालाला कुणी आलंच न्हाई, म्हणून चौथीच सांगत आले. पाडव्याला नव्वदचं वर्ष लागलं आन् ते अर्ध्यातच सुटलं म्हणायचं."

"अर्धं कसं? शाळेचं वर्ष पाडव्याला नाही, जूनला सुरू होतं आणि पुढच्या एप्रिलात संपतं. म्हणून त्याला दोन आकडे. तुमचं एकोणनव्वद-नव्वद!"

"आगं बया! एका वर्षाला दोन दोन नावं?"

वर्षाराणीनं मागचं रजिस्टर ओढलं, धूळ झटकली, बोट फिरवत खाली आली आणि थबकली. "रतन आसाराम. पाचवी. उत्तीर्ण. वर्गात तिसरा नंबर."

रतनबाईला आधी खरंच वाटेना. तिनं ती ओळ स्वतः वाचली, अडखळत, दोनदा. मग पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की शेजारच्या वर्गातली पोरं दारात गोळा झाली.

दाखला घेऊन ती जीपनं थेट माळावर गेली. नवरा आप्पाराव लिंबाखाली बसला होता.

"आवं, तुमची बायको पाचवी पास हाय! तिसरा नंबर!"

आप्पारावनं कागद उलटासुलटा पाहिला. "मी तर तिसरीतूनच पळालतो. म्हंजे आता घरात तुझंच चालणार म्हण की."

"इतके दिवस कुणाचं चालत हुतं?" रतनबाई म्हणाली, आणि दोघंही लई वेळ हसत बसले.

संध्याकाळी ऋतुजानं आईसमोर गणिताचं पुस्तक उघडलं.