उलट्या भोवऱ्याचं टोपडं

ही गोष्ट दोन हजार तेवीसची. त्या साली संक्रांत रविवारी आली होती आणि भागूबाईच्या घरात सण नव्हता. आदल्या कार्तिकात तिचे मालक सहादेव गेले होते. सकाळी नळाला पाणी आलं म्हणून बादली घेऊन उठले, नळापाशी टेकले ते टेकलेच. बादली भरून वाहत राहिली. शेवटी समोरच्या घरातल्या कडूबाईने येऊन नळ बंद केला.

भागूबाई रडली नाही. बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या, चार जणींनी तिला दंडाला धरून हलवलं. "हिला रडवा गं कुनीतरी, न्हाईतर डोक्यावर परिनाम हुईल," असं कुणी म्हणालं, तेही तिला नीट ऐकू आलं. पण मांडी घालून फार वेळ बसलं की पाय जसा आपला राहत नाही, तसं तिचं झालं होतं. ताट पुढे आलं की जेवायची, चहा आला की प्यायची. दहावा झाला, तेरावा झाला. पाहुणे गेले. ती खिडकीजवळच्या पाटावर येऊन बसली आणि तिने क्रोशाची सुई हातात घेतली, कारण मार्गशीर्ष लागत होता आणि दर मार्गशीर्षात ती तेच करायची.

राहुरीजवळच्या देवळालीत तीसेक वर्षं ज्या घरात पाळणा हलला त्या घरात पहिलं टोपडं भागूबाईच्या हातचं गेलं होतं. पोरवयात लग्न होऊन ती साखर कारखान्याच्या कॉलनीत आली, तिथे शेजारच्या क्वार्टरमधल्या मास्तरीणबाईंनी तिला सुई धरायला शिकवलं. हलव्याचे दागिनेही त्यांनीच शिकवले. काळ्या लोकरीचं टोपडं, त्याला पांढऱ्या लोकरीची चांदण्यांची किनार, आणि वर हलव्याचा मुकुट, बाजूबंद, बासरी. बाळाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण घालायचं म्हटलं की हा सगळा संच भागूबाईकडे सांगायचा, अशी रीतच पडली होती. माप ती टेपने कधी घेत नसे. बाळाला मांडीवर घ्यायची, डोक्यावरून वीत फिरवायची, "भोपळ्यासारखं हाय गं डोस्कं, लोकर जास्त लागंल," असं म्हणून आईला हसवायची, की झालं माप.

आणि तिचं टोपडं कुठेही ओळखू यायचं, कारण भागूबाई डावखुरी. बाकीच्यांचे फेर एका बाजूने फिरतात, तिचे दुसऱ्या बाजूने. टोपड्याच्या शेंड्यावरचा भोवरा उलटा. कडूबाईने ऐन तारुण्यात तिच्याकडून शिकायचा प्रयत्न केला होता. तिला समोर बसवून, आरशात बघावं तसं शिकवावं लागलं. आठ दिवसांत कडूबाईने सुई फेकली. "तुझं समदंच उलटं, भागे," म्हणाली, "मला आपली भाकरी थापू दे."

त्या मार्गशीर्षात कुणीच आलं नाही. पहिल्या पंधरवड्यात भागूबाईला वाटलं, थंडी उशिरा पडली. मग वाटलं, दुःखाचं घर म्हणून लोक बिचकत असतील. ती एक टोपडं विणायची, पुरं झालं की उसवायची, त्याच लोकरीचं पुन्हा विणायची. लोकर मऊ होत होत पिंजारली. सून निकिता हे रोज बघत होती. कर्जतकडची, तोंडाने फटकळ पोरगी. एक दिवस ती गिरणीतून पीठ घेऊन आली ती डबा आदळतच.

"आत्या, तुमाला खरं सांगू का? वाईट वाटून घिऊ नका."

"मला काय वाटतंय आता. सांग."

"गिरनीत बायका बोलत हुत्या. लेकराचा पयला सन, आन् टोपडं त्या हातचं कसं घालावं, म्हने. आमी काय मुद्दाम टाळत न्हाई, पन नकोच, म्हने."

भागूबाईने आपल्या हातांकडे पाहिलं. कपाळ मोकळं झालं होतं, मनगटं मोकळी झाली होती, हे तिला माहीत होतं. हातही त्यात आले हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने फेर पुरा केला.

"बरोबर हाय त्यांचं," ती म्हणाली. "मीबी कुनाला असंच म्हनले असते."

"म्हनला असता का?"

भागूबाईने पुढचा फेर धरला. म्हणाली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

निकिता गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तिने जुन्या पेटीतली चार टोपडी काढली, फोटो घेतले आणि मोबाईलवर स्टेटसला टाकले. खाली लिहिलं, 'माझ्या हाताने विणलेली.' तिचा नवरा अजिनाथ हसून लोटपोट झाला. "तुला तुटलेलं बटन लावता येत न्हाई!" निकिता म्हणाली, "तुमी गप बसा. इनत्यात आत्याच, नाव माझं. कुनाचं काय जातंय?"

आठवड्यात अकरा टोपड्यांची मागणी आली. राहुरीतून, कोल्हारातून, एक तर पुण्याहून. भागूबाई विणत राहिली. नाव कुणाचं का असेना, तिला त्याचं सुखही नव्हतं आणि दुःखही नव्हतं. मग बाराव्या दिवशी निकिता एक दोरा घेऊन आली. दोऱ्याला दोन गाठी मारलेल्या.

"हे माप. दिपालीनं दिलंय, तिच्या बाळाचं."

दिपाली म्हणजे कडूबाईची सून. लग्नानंतर सात वर्षांनी झालेलं पाच महिन्यांचं पोर, ओम. समोरच्याच घरात होतं ते, आणि भागूबाईने त्याला श्रावणात दोनदा मांडीवर घेतलं होतं. तेराव्यानंतर कडूबाई मात्र उंबऱ्यातून आत आली नव्हती. लांबून "बरी हायेस ना?" म्हणायची आणि पदर सावरत निघून जायची.

"कडूबाईला ठाव हाय का?"

"न्हाई हो. दिपालीला वाटतंय, मीच इनते."

भागूबाईने दोरा बोटाला गुंडाळला. कडूबाई शेंड्याकडे एकदा बघेल आणि ओळखेल, हे निकिताला सांगावं असं तिच्या मनात आलं. उजव्या हाताने विणून बघावं असंही आलं. तिने सुई उजव्या हातात धरून पाहिली, दहा साखळ्या घातल्या, त्या लाकडासारख्या ताठ झाल्या. तिने सुई पुन्हा डाव्या हातात घेतली. निकिताला काही सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे पुढे कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. एवढंच खरं, की अकरा टोपड्यांपैकी एकाही बाळाचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, आणि या बाराव्याच्या डोक्यावर आपल्या हातचं टोपडं बसावं असं तिला वाटत होतं. कार्तिकापासून वाटलेली ही एवढीच गोष्ट.

बोरन्हाण मंगळवारी दुपारी होतं. निकिता टोपडं आणि हलव्याचा मुकुट घेऊन गेली. भागूबाई खिडकीपाशी बसली. समोरच्या अंगणात चटई घातलेली दिसत होती, बायकांच्या काळ्या साड्या, बोरांची पाटी, उसाचे करवे, मुरमुरे, गोळ्या. पोरं आधीच चटईभोवती दबा धरून बसली होती.

कडूबाईने टोपडं हातात घेतलं. बाळाच्या डोक्यावर ठेवलं. ते नीट बसलं. मग तिने ते काढलं, उलटं करून शेंड्याकडे पाहिलं आणि भोवऱ्यावरून बोट फिरवलं.

"कुनी इनलं गं हे?"

"मी," निकिता म्हणाली.

"व्हय का. तू डावखुरी कवा झाली?"

एकदोघी हसल्या. हसू लगेच थांबलं, कारण ज्यांना कळायचं त्यांना कळलं होतं. दिपाली निकिताकडे बघायला लागली. कडूबाईने टोपडं घडी करून, मुकुटासकट निकिताच्या हातात दिलं.

"ल्हान हुतंय," ती म्हणाली. "दिपाले, माप चुकलं बघ तुझं. बांध ते इकतचं."

बाळाला राहुरीच्या बाजारातलं टोपडं घातलं. डोक्यावरून बोरं ओतली, पोरं तुटून पडली, एकच कालवा झाला. निकिता घरी आली. तिचं नाक लाल झालं होतं. टोपडं तिने भागूबाईच्या मांडीवर ठेवलं.

"ल्हान हुतंय म्हनाल्या."

"ऐकलं मी."

"ल्हान हुत न्हवतं, आत्या!"

"बघितलंबी मी," भागूबाई म्हणाली. "चहा टाक."

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला कडूबाई आली. उंबऱ्याशी घुटमळली, मग आत येऊन भिंतीला टेकून बसली. तिच्या साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती. भागूबाईने हात पुढे करून ती एकेक उपटली. कडूबाईने काठ ओढून घेतला नाही.

"टोपडं बसत हुतं," कडूबाई म्हणाली.

"ठाव हाय."

"तुला ठाव हाय हे मला ठाव हाय. म्हनून तर आले. माज्या आईची चार गेली, मग मी. वाईटाची नजर पडू नये म्हनून कडू नाव ठेवलं. जल्माची मला भीती घालून ठिवलीय, भागे. आन् हे लेकरू सात वर्सांनी आलंय. उद्या त्याला साधी सर्दी झाली तरी माजं मन तुज्यावर जाईल. मला तसं व्हायला नको."

"म्हंजे माज्या भल्यासाठीच काढलंस म्हन की."

"टोमने मार. मार, मला बरं वाटंल."

भागूबाईला टोमणा मारायचा नव्हता. राग आला तर बरं होईल म्हणून ती तो शोधत होती आणि तो सापडत नव्हता.

"मोठं करून ठिव," कडूबाई म्हणाली. "पुढल्या साली घालू. तुजं वरीसबी सरलेलं आसंल."

हे खरं होतं की सुटका करून घेणं होतं, ते दोघींनाही कळत नव्हतं. भागूबाईने टोपडं उचललं आणि शेवटचा टाका सोडवला.

"पुढल्या सालचं डोस्कं केवढं आसंल, ते दोऱ्यावरनं मला न्हाई कळायचं," ती म्हणाली. "हातानं बघावं लागतंय. लेकरू हितं आनावं लागंल."

निकिता स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी होती, तिने पाऊल पुढे टाकलं नाही. मग कडूबाई गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घरी गेली.

अर्ध्या तासाने दिपाली बाळाला घेऊन आली. कडूबाई तिच्याबरोबर नव्हती. आपल्या दारात उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. तिने सुनेला अडवलं नाही, एवढंच.

भागूबाईने ओमला मांडीवर घेतलं. डावा हात कपाळावर ठेवला आणि वीत मागे नेली. टाळू अजून भरली नव्हती. बोटांखाली ती उडत होती, बारीक आणि भराभर. तिला ते जाणवत राहिलं. बाळाने तिचा अंगठा धरून तोंडात घातला. तिने माप घेतलं, आणखी चार बोटं मनात धरली आणि बाळाला परत दिलं.

"झालं," ती म्हणाली.

पुढल्या संक्रांतीला ओमने ते मोठं केलेलं टोपडं घातलं. नाडी कडूबाईने स्वतः बांधली. पोर दीड वर्षाचं झालं होतं. त्याने पाच मिनिटांत टोपडं उपसून काढलं आणि बोरांत फेकलं. भागूबाईला आमंत्रण होतं. ती गेली, चटईच्या कडेला बसली आणि हळदीकुंकवाच्या आधी उठून आली.

त्याच सालच्या पावसाळ्यात कडूबाईला कावीळ झाली. पंधरा दिवस नगरच्या दवाखान्यात होती, तिथेच गेली. दिपाली आणि तिचा नवरा वैजनाथ आता चाकणला असतात, त्याला तिथे कंपनीत काम आहे. ओम बालवाडीत जातो. समोरचं घर भाड्याने दिलं आहे. निकिताने मोबाईलवरचं 'माझ्या हाताने' पहिल्या बोरन्हाणाच्या आठवड्यातच काढून टाकलं आणि 'आमच्या आत्यांच्या हातचं' असं लिहिलं. त्यावर दोन मागण्या रद्द झाल्या, बाकीच्या राहिल्या. ती अजूनही विणायला शिकलेली नाही. अजिनाथने आपला टेम्पो विकून किराणा दुकान घातलं.

भागूबाईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गावातली दोनतीन घरं परत आली, बाकीची राहुरीहून तयार टोपडी आणतात. परगावची बाळं ती फोटोत बघते. थंडीच्या दिवसांत दुपारची कामं उरकली की ती खिडकीपाशी बसून विणते, चार वाजता चहा पिते आणि पुन्हा विणायला बसते.