चारपट पुरे

आर्नीनं बंदुकीवर बसवायचा स्कोप डोळ्याला लावला आणि दुकानाच्या काचेतून रस्त्यापलीकडची चर्चची पाटी वाचायला घेतली.

“शनिवारी... मासळीचं जेवण... खालची ओळ लागत नाही.”

“मलाही लागत नाही, आणि ती मीच लिहिलीय,” लेम्पीमावशी गल्ल्यामागून म्हणाली.

त्याच्या बायकोनं, काइसानं, तान्ह्या सिनीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. दात येऊ लागलेली पोर कोटाची दोरी चघळत होती. परवा हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होणार होता आणि आर्नीच्या जुन्या स्कोपमध्ये आतून धुकं धरलं होतं. हरिण मिळालं नाही, तर मिशिगनच्या या टोकाला हिवाळाभर मांस विकत आणावं लागणार. घरातला मोठा फ्रीझर महिनाभर रिकामाच घुरघुरत होता.

गल्ल्यावर परवडण्याजोगे दोन स्कोप होते. एक साधा, चारपट मोठं दाखवणारा. दुसरा फिरवून नऊपटापर्यंत वाढवता येणारा.

“आपल्या रानात लांबचं दिसतं काय? झाडंच,” मावशी म्हणाली. “चारपट पुरे. स्वस्तातला नऊपट म्हणजे अंधार तेवढा मोठा करून दाखवतो.”

“पण मचाणावरून आमचं स्वयंपाकघर अगदी समोर येतं,” आर्नी हसत म्हणाला. “गेल्या वर्षी ही पोटाशी हात धरून खिडकीत उभी असायची. जुन्यातून नुसती सावली. ही आहे की हिचा झगा टांगलाय, कळायचं नाही. नऊपटातून दोघी स्वच्छ दिसतील.”

काइसाचा हात सिनीच्या पाठीवर थांबला.

गेल्या नोव्हेंबरात एकदा त्यानं दारातूनच विचारलं होतं, ‘आज खिमा भरलेल्या पेस्ट्या करपवल्यास ना? फडकं हलवत होतीस.’ तेव्हा तिला बरं वाटलं होतं. लांबून कुणीतरी आपल्याकडे बघतंय. कशातून, हे तिनं विचारलं नव्हतं. घरात दुसरी दुर्बीण नव्हती.

“बंदुकीवरूनच बघतोस?” तिनं विचारलं.

“मग? एकदा नेम बसवला की स्कोप काढायचा नसतो.”

“भरलेल्या बंदुकीवरून?”

“सेफ्टी लावलेली असते गं. मी काय काल बंदूक धरलीय?”

दुकानात हातमोजे घालून बघणारा गावातला लॉइड मध्येच म्हणाला, “सगळेच बघतात, वहिनी. बायकोची गाडी घरी आली का, ते मी त्यातूनच बघतो. आली की आणखी तासभर वरच बसतो!”

आर्नी मोठ्यानं हसला. लेम्पीमावशी हसली नाही. ती फडक्यानं गल्ल्याची काच पुसत राहिली.

“मग गळ्यातली दुर्बीण घेऊ,” काइसा म्हणाली.

“आणि हरिण आलं की? लांबून हात हलवू त्याला?” आर्नीनं आवाज खाली आणला. “आपल्या पैशांत दोन्हीतलं एकच येतं, काइसा. तुला ठाऊक आहे.”

तिला ठाऊक होतं. लॉइडदेखत आपण आणखी एक वाक्य बोललो, की संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या सौनांमध्ये, त्या वाफेच्या न्हाणीघरांत, आर्नीच्या शिकलेल्या बायकोची गोष्ट रंगेल, हेही ठाऊक होतं. गाडीची किल्ली आर्नीच्या खिशात होती. घर बारा मैलांवर, मचाणाच्या समोर.

तिनं चारपटाचा स्कोप त्याच्याकडे सरकवला.

“हा घे. मावशी म्हणतात ते बरोबर आहे. चारपट पुरे.”

“बघा, शेवटी निवडलं कुणी!” आर्नी खूश झाला.

मावशीनं खणातून एक छोटी विणलेली नारिंगी टोपी काढली. “पोरीचा पहिला मोसम. माझ्याकडून.” रानात कुणी हरिण समजू नये म्हणून मोठी माणसं घालतात, तोच भडक रंग. टोपी सिनीच्या कानांवर नीट ओढताना मावशीनं जरा जास्तच वेळ लावला.

मोसमाच्या पहिल्या संध्याकाळी काइसानं पेस्ट्या लवकर भाजून घेतल्या. उजेड कमी होऊ लागला तरी दिवा लावला नाही. सिनीला घेऊन ती तळघरातल्या सौनात जाऊन बसली. दगडी भिंती, खिडकी नाही. आर्नीची आजी याच खोलीत जन्मली होती. भट्टी पेटवलेली नव्हती. बाक गार होतं. सिनी लाकडी बादलीत पळी आपटत राहिली. लांब कुठंतरी बार झाला. कुणाचा, ते इथून कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं जिन्यावर बूट वाजले, घाईघाईनं. दार उघडलं.

“इथं काय करतेस? दिवा नाही, काही नाही! केव्हाचा शोधतोय तुम्हाला.”

“घरात?”

“मचाणावरून. एकेक खिडकी बघितली. चारपटातून काही लागेना, म्हणून डोळाच काढला नाही.”

“हरिण?”

“आलं असेल. मी इकडेच बघत होतो ना.”

तो तिच्या शेजारी बाकावर बसला. त्यानं सिनीला मांडीवर घेतलं, तिच्या गालाला गाल लावला, आणि मग त्याला हसू आलं.

“हिला घरात ही नारिंगी टोपी कशाला?”

काइसानं हात पुढे केला आणि टोपी सिनीच्या कानांवर आणखी खाली ओढली.