सेनोरीचे चार सेल

एन्तुरानची मुलगी सेनोरी, सेनोरीचा मुलगा बाकिर आणि बाकिरची मुलगी मिंडू. आमच्या लांबघरात, जिथे एकाच लांब छपराखाली दाराला दार लागून सगळं गाव राहतं, माणसाची ओळख अशी मुळापासून सांगायची रीत आहे. हल्लीची मुलं नुसतं नाव आणि फोन नंबर सांगून मोकळी होतात. मी तसं करणार नाही. शिवाय मिंडूची गोष्ट सांगायची तर वरची तिन्ही नावं घ्यावीच लागतात, कारण त्या तिघांचं माझ्यावर ऋण होतं.

ते असं. माझा नवरा उंगांग तरुणपणी, आमच्याकडचे सगळेच तरुण जातात तसा, परमुलखात कमावायला गेला होता, समुद्रातल्या तेलविहिरींवर. पुष्कळ दिवस त्याची काही खबर नव्हती. मग निरोप आला, की अमुक संध्याकाळी रेडिओवर दूरची माणसं घरच्यांशी बोलतात त्यात त्याचा आवाज लागेल. ती संध्याकाळ आली, अख्खं लांबघर माझ्या दारापुढे जमलं, आणि माझा रेडिओ रातकिड्यासारखा किरकिरून मुका झाला. सेल संपले होते. दुकान नदीने दिवसभराच्या वाटेवर. तेव्हा शेजारच्या दारातून सेनोरी बाहेर आली. कडेवर बाकिर, आणि मुठीत तिच्या बापाच्या विजेरीतले चार सेल. एन्तुरान त्या रात्री रानडुकराच्या मागावर जायचा होता. तो गेला नाही, आणि त्यांच्या चुलीवर नुसता मीठभात झाला. मला मात्र उंगांगचा आवाज ऐकू आला. "लेंबा, जेवलीस का?" एवढंच तो बोलला आणि पुढे लाजला.

नंतर मी नवे सेल देऊ केले, डुकराची अख्खी मांडी देऊ केली, एकदा तर स्वतः विणलेलं वस्त्र घेऊन गेले. सेनोरी दर वेळी हसायची. "सेलांची कसली परतफेड, लेंबा? ते तेव्हाच संपून गेले की." कुणाचं काही अंगावर न ठेवणाऱ्या बाईला असलं हसणं फार टोचतं. ते मला आयुष्यभर टोचलं.

यंदा भाताची कापणी झाली आणि उंगांग गेला. लांबघराने पाळायचे दिवस पाळून झाले. सगळ्या दारांपुढून धावणाऱ्या आमच्या सामाईक ओसरीत, रुआईत, पुन्हा गप्पा-गाणी सुरू झाली. राहिलं होतं ते माझं उलित. विधवेचा शोक आम्ही पेटीत बांधून ठेवतो: तिच्या बांगड्या, तिचा कंगवा, आणि मेलेल्या माणसाच्या हातातली लाडकी वस्तू. गाठ मारणारे हात वेगळे, ठरलेल्या दिवशी ती सोडणारे हात वेगळे, आणि मधल्या काळात तिला कुणीही शिवत नाही; मीसुद्धा नाही. उंगांगच्या हातातली लाडकी वस्तू कोणती, यावर कुणाचं दुमत झालं नाही. म्हातारपणी त्याच्या मुठीतून टीव्हीचा रिमोट कधी सुटला नव्हता. तो पेटीत गेला. त्याचा फोन त्याच्याबरोबर मातीत गेला.

टीव्ही माझ्या दारासमोर रुआईत आहे, उंगांगने सगळ्यांसाठी लावलेला. त्याच्यामागे तळहातावर मावेल एवढी काळी डबी. इंटरनेटवरचे खेळ आणि सिनेमे ती डबी टीव्हीवर आणते. डबीला एकही बटण नाही. तिला हुकूम द्यायचा तो रिमोटने.

आणि उलित सुटायच्या आधीच एके दुपारी मिंडू परदेशात वजन उचलणार होती.

बाकिर लाकूडतोडीच्या कॅम्पवर असायचा, म्हणून मिंडूला सेनोरीने वाढवलं. नदीवरून पाण्याचे दोन-दोन कॅन खांद्यावर घालून ती धावत चढायची. कुणा शिक्षकाने ते पाहिलं आणि तिला शहरात खेळाच्या शाळेत नेलं. आता ती देशाच्या नावाने खेळत होती, आणि तिचा खेळ फक्त इंटरनेटवर दिसणार होता. फोनवर बघायची सोय नव्हती. आमच्याकडे फोनला रेंजची एक दांडी येते तीही पाहुण्यासारखी, आणि सेनोरीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. फोनमधलं माणूस तिला मुंगीएवढंही दिसत नाही. टीव्हीवर मात्र ती माणसाचा आकार ओळखते.

सेनोरी सकाळीच येऊन टीव्हीसमोर चटईवर बसली होती. डोक्याला तेल लावलेलं, अंगात नवा ब्लाउज. ती काहीही मागत नव्हती. तेच मला सहन होत नव्हतं.

माझी नात लुन्सा शहरातल्या बँकेत असते. उलित सोडण्याच्या तयारीला ती आली होती. तिने फोनवर रिमोटचं ॲप उतरवून घेतलं होतं. आमच्याकडे आजीला इनी म्हणतात आणि आजोबांना अकी.

"यात रिमोटची सगळी बटणं आहेत, इनी. डबी सापडली की झालं."

"सापडली की म्हणजे? समोर तर आहे."

"आपल्याला दिसतेय हो. फोनला दिसत नाहीये."

तिने फोन उंच धरला, डबीच्या नाकाशी नेला, डबीची वीज काढून पुन्हा लावली. फोनवर एक गोल फिरत राहिलं आणि शेवटी उत्तर आलं, की कोणतंही उपकरण मिळालं नाही. पुन्हा गोल. पुन्हा तेच. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. रुआईच्या फळ्या माझ्या पावलांखाली वाजत होत्या.

"इनी, तुम्ही बसा ना जरा. डबी घाबरतेय तुम्हाला," न्याउन म्हणाला. न्याउन आमचा तुआई, लांबघराचा प्रमुख. लहान असताना माझ्या हातचा मार खाल्लेला आहे, तरी जीभ आवरत नाही.

"तुझ्या घरात वायफाय आहे म्हणून मिरवतोस ना? मग ते दे की हिला."

त्याने दिलं. लुन्सा त्याच्या दारापर्यंत जाऊन फोन जोडून आली. फोन जोडला गेला; डबी काही सापडली नाही. तोवर पलीकडे खेळ सुरू झाल्याची बातमी कुणाच्या तरी फोनवर रखडत येऊन पोहोचली. मिंडूला तीन संधी होत्या. पहिली फुकट गेली होती.

सेनोरीने मान हलवली. "पहिल्या वेळी ती घाईच करते," ती म्हणाली. जणू पाणी सांडलं होतं.

न्याउन माझ्याजवळ सरकला. "इनी, ऐका. पेटी उघडू. रिमोट काढू. तासाभराने परत ठेवू, गाठ मी स्वतः मारतो. उंगांग अकींना राग यायचा नाही, ते स्वतःच आधी उघडून बसले असते."

"तुझ्या आजोबांच्या वेळी तुझ्या आजीची पेटी कुणी तासाभरासाठी उघडली होती का?"

"त्यांच्या पेटीत रिमोट नव्हता हो!"

आजूबाजूला सगळे हसले. मी हसले नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्या दाराकडे होत्या. सेनोरीनेही मान वळवली, पण माझ्याकडे. "लेंबा," ती म्हणाली, "गाठीला हात लावू नकोस हं. पोरगी खेळेल, ती आपण उद्या ऐकू."

तिने मागितलं असतं तर मी नकार देऊ शकले असते. तिने नकार माझ्या हातून काढून घेतला, आणि माझ्यापाशी नुसते ते चार सेल उरले.

"लुन्सा," मी दरडावलं, "मला समजेल असं सांग. अडतंय कुठे?"

लुन्साने डबीमागची तार बोटांत धरली. "ही डबी हवेतून चालत नाही, तारेवर चालते. तार तुमच्या भिंतीतून आत गेलीय. माझा फोन आहे तुआईंच्या वायफायवर. दोघं वेगवेगळ्या घरांत बसलेत. एका छपराखाली असले तरी एकमेकांना ओळख देत नाहीत."

हे मला कळलं. लांबघर एक असतं, छप्पर एक असतं, पण दर दाराची चूल वेगळी, बियाण्याचं भात वेगळं. न्याउनच्या चुलीवर जेवणाऱ्याने माझ्या घरातल्या मुलीला हुकूम सोडला, तर ती का ऐकेल?

"मग फोनला माझ्या चुलीवर आण."

"तेच तर! पण तुमच्या घराचं वायफाय फोनला दिसतच नाही. तार आहे, इंटरनेट आहे, हवेतलं काही नाही. असं कसं होईल?"

तेव्हा मला आठवलं. गेल्या सणात लांबघरातली झाडून सगळी मुलं आमच्या दाराला टेकून फोन बघत बसायची, आणि उंगांगचा फुटबॉलचा सामना ऐन रंगात थिजायचा. एकदा तो तणतणत माळ्यावर चढला, तिथल्या इंटरनेटच्या यंत्रामागे काहीतरी दाबून धरलं आणि खाली उतरून म्हणाला, "आता फक्त तारेचं राज्य." वाटेल तेव्हा परत चालू करायचं ते राहूनच गेलं.

मी हे सांगितलं तशी लुन्सा ताडकन उठली. "मी चढते."

"खाली बस. तू लग्न करून दुसऱ्या चुलीची झालीस. माझ्या माळ्यावर बियाण्याचं भात आहे आणि माझी पेटी आहे. मी जिवंत असेपर्यंत तिथे दुसरं कुणी चढत नाही."

"इनी, तुमचे गुडघे!"

"गुडघे माझे आहेत. त्यांना मी विचारलेलं नाही."

शिडी म्हणजे खाचा पाडलेला एकच ओंडका. पूर्वी मी पाठीवर भाताची टोपली घेऊन तिच्यावर चढत असे. त्या दिवशी रिकाम्या हातांनी चढताना दर खाचेला थांबले. खालून न्याउन दोन्ही हात पसरून उभा होता, फणस पडायची वाट बघावी तसा.

माळ्यावर उकाडा होता आणि जुन्या भाताचा वास. यंत्र तुळईला टांगलेलं, दोन हिरवे दिवे मिचकावत. त्याच्या शेजारीच माझी पेटी, तांबड्या दोऱ्याने बांधलेली. आत उंगांगच्या मुठीने गुळगुळीत झालेला रिमोट होता, आणि त्या रिमोटमध्येही सेल होते. दोरा माझ्या बोटापासून वीतभर होता. खाली कुणीतरी ओरडलं, "दुसरी संधीही गेली!" मी हात पेटीवरून न नेता वळसा घालून नेला आणि यंत्राच्या मागे चाचपडले.

"बटण लागलं!"

"दाबून धरा! सोडू नका!" लुन्सा खालून ओरडली.

मी धरलं. बोटाचं पेर दुखायला लागलं. मग तिसरा दिवा लागला, आधी तांबडा, मग हिरवा. त्याच क्षणी खाली रुआईत एक हशा फुटला आणि दाबला गेला.

"काय झालं?"

"काही नाही, इनी." लुन्साचा आवाज फार सज्जन झाला होता. "वायफाय आलं. त्याला अकींनी नाव ठेवलंय."

"कोणतं?"

"एंडू लेंबा."

एंडू म्हणजे पोरी. चार पणतवंडं झाल्यावरही तो मला अशी हाक मारायचा, पण दार लावून. आता ती हाक सगळ्यांच्या फोनवर लिहून आली होती. माझे कान तापले. माळ्यावर कुणी नव्हतं, ते बरं झालं.

"नाव वाचून पोट भरलं असेल तर जोडा त्याला!"

"पासवर्ड लागेल. यंत्राच्या पोटाला चिठ्ठी चिकटवलेली असते, ती वाचा."

मी यंत्र उलटं केलं. अक्षरं बारीक होती, पण माझे डोळे सेनोरीसारखे नाहीत. मी एकेक अक्षर खाली फेकत गेले.

"एम मोठा की लहान, इनी?"

"एम आहे. त्याची उंची मी काय मोजू?"

"शेजारच्या अक्षराएवढा आहे का?"

"त्याच्याहून थोराड आहे."

"म्हणजे मोठा. पुढे?"

शेवटचा आकडा सांगून झाला. मी तुळईला धरून उभी होते. एखादी बाळंतीण आत असावी आणि बाहेर सगळ्यांनी श्वास धरावा, तसं खाली झालं. मग लुन्सा किंचाळली, "सापडली! डबी सापडली! टीव्हीवर आकडे आलेत, तेच फोनवर टाकायचेत… टाकले… चालतंय, इनी, बाण हलतोय!"

मी कशी उतरले ते मला सांगता येणार नाही. न्याउनच्या खांद्यावर माझा पाय पडला एवढं आठवतं. बाहेर आले तेव्हा पडद्यावर भला मोठा, उजळ मंच होता आणि त्यावर निळ्या कपड्यातली मिंडू चालत येत होती. शेवटची संधी.

मी सेनोरीशेजारी बसले. "दिसतंय?"

"निळं दिसतंय. तीच ना?"

"तीच. आता खाली वाकलीय. दांडा धरलाय."

"घाई करू नकोस, बाई," सेनोरी पडद्याला म्हणाली.

मिंडूने घाई केली नाही. वजन खांद्यापर्यंत आलं, तिथे अडलं, तिचे गाल फुगले, आणि मग ते सरळ डोक्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. घंटा वाजली. लांबघराच्या फळ्या अशा दणाणल्या की खालच्या कोंबड्या उडाल्या. मिंडू तिसरी आली. न्याउनने तुआक, आमची भाताची दारू, ओतायला घेतली. लुन्सा रडत होती आणि फोन घट्ट धरून बसली होती, जणू सोडला तर चित्र सांडेल.

पण सेनोरी अजून ऐकत होती. पलीकडे कुणीतरी मिंडूसमोर माईक धरला. तिने दम घेतला, त्या परक्या मुलखातल्या गर्दीतून सरळ आमच्याकडे पाहिलं, आणि आमच्या भाषेत म्हणाली, "इनी, जेवलीस का?"

एवढंच बोलली आणि पुढे लाजली.

सेनोरीने पडद्याला उत्तर दिलं, "अजून नाही गं." मग ती मला हाताने शोधू लागली. मी माझा हात तिच्या हातात दिला. तिने तो उताणा केला आणि माझ्या तळव्यावर आपलं बोट एकदा, दोनदा, तीनदा, चारदा टेकवलं. एकेक सेल परत मोजून घ्यावा तसं. या वेळी ती हसली नाही.

"फिटले, लेंबा," ती म्हणाली.

"सगळे?"

"चारही."