तुर्कूहून स्टॉकहोम किती लांब

"आजी, ही बरणी नाही नेता येणार."

तुर्कूच्या विमानतळावरच्या तपासणीवाल्या मुलीने बरणी वर धरली. आत उकडलेली अंडी लोण्यात कालवलेली होती. सोबतच्या डब्यात भात भरून भाजलेल्या करंज्या होत्या, त्यांना मात्र हरकत नव्हती.

"अगं, करंजीवर लावायचं असतं ते. भावासाठी नेतेय. जहाजावर कधी कुणी हटकलं नाही."

"जहाजाचं वेगळं असतं, आजी."

"मग तू खा. टाकू नकोस," इर्या म्हणाली आणि पुढे गेली.

शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली ही बाई कधी विमानात बसली नव्हती. समुद्रापलीकडच्या स्वीडनला जायचे ते रात्रीच्या जहाजाने, एवढेच तिला ठाऊक. पण सकाळी भाची मारिकाचा फोन आला, "आत्या, जहाजाने नको येऊस. बाबा उद्याची सकाळ बघतील असं वाटत नाही."

आई गेली तेव्हा स्टॉकहोमला राहणारा हा धाकटा भाऊ, वेइयो, आला नव्हता. "एवढ्या लांब कसा येऊ, ताई?" असे फोनवर म्हणाला होता. इर्याने फोन आपटला. त्यानंतर दोघांत नाताळच्या कार्डापुरते नाते उरले, त्यावरही नुसती सही. त्याला काय सुनवायचे ते तिने वर्षानुवर्षे घोळवले होते. जहाज असते तर नीट जुळवायला सबंध रात्र मिळाली असती.

इथे विमानात कॉफी प्यायलाही फुरसत मिळेना. अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर, असे वैमानिकाने सांगितले आणि थोड्याच वेळात विमान खाली उतरू लागले.

"झालं?" तिने शेजारच्या माणसाला विचारले.

"झालं की! तासभरसुद्धा लागत नाही. आता घड्याळ तासाने मागे घ्या, म्हणजे निघालो तेव्हाच पोचलो."

इर्याच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढेसेच? सकाळी दाढी करून निघाला असता तरी आईला माती द्यायला पोचला असता!

गाडीत तिने ते मारिकाला बोलूनही दाखवले. मारिका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "तेव्हा बाबा सकाळपासून प्यायचे, आत्या. उभं राहवत नव्हतं. तशा अवस्थेत तुम्हा सगळ्यांसमोर यायची त्यांना लाज वाटली."

इर्याला फार वाईट वाटले.

वेइयो उशीत पार बुडून गेला होता. त्याने डोळे उघडले.

"ताई? कशी आलीस?"

विचारताना तो घाबरलेला होता, हे तिला दिसले. लांबचे निमित्त उघडे पडेल याची ती भीती होती, हेही कळले.

"जहाजाने," इर्या म्हणाली. "अख्खी रात्र लागली."

मारिकाने मान वर केली.

"लांबच आहे ना?" वेइयोने विचारले.

"फार लांब आहे रे. तुला तरी कसं जमणार होतं!"

त्याचा चेहरा सैल पडला. इर्याने कोट न काढताच खुर्ची पलंगाशी ओढली आणि त्याचा हात हातात घेतला.