मशालीवर वाळवलेलं पांघरूण

आमच्या ताईला एक खोड आहे. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही.

ती राहते तेलविहिरींजवळच्या वसाहतीत. तेलाबरोबर वर येणारा वायू तिथे उंच नळीच्या तोंडाशी दिवसरात्र जाळतात. सगळे त्याला मशाल म्हणतात. पावसाळ्यात कपडे वाळेनात की बायका मशालीच्या कुंपणावर ते टाकतात. बघता बघता कडक. ताई म्हणते, "तुमच्या शहरात आहे का अशी सोय?" सोय म्हणे! डोंबल!

तिच्या चिमीला दमा लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीला तिथून हलवा. भाओजी मशालीच्याच कामावर, ते उखडले. "सगळं खापर मशालीवरच फोडा!" शेवटी ठरलं, पोरीने काही दिवस शहरात, माझ्याकडे, मावशीकडे राहायचं. खोकला थांबला तर इथल्याच शाळेत घालायचं, नाही तर परत.

चिमीने अंधार असा पाहिलाच नव्हता. "मावशी, बाहेरचा दिवा कुणी विझवला?" म्हणून रडली. मग सवय झाली. खोकला कमी कमी होत गेला. मी शिवणयंत्रावर बसले की शेजारी बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची, तोंडाची टकळी चालूच. एकदा जिना धावत चढली आणि वर येऊन चक्क गाणं म्हणाली. मी वेडी, लगेच तिच्यासाठी दप्तर शिवायला घेतलं.

तेवढ्यात ताई राहायला आली. भर पावसात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पांघरूण घेऊन. "स्वतः धुतलंय. मशालीवर वाळवलंय, बघ कसं खडखडीत." चिमीने त्यात नाक खुपसलं. "आईचा वास!"

त्या रात्रीपासून पोर पुन्हा खोकायला लागली. दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवशी बसून झोपली. फोनवर भाओजी म्हणाले, "झालं समाधान? तिथे कुठली मशाल?"  ताईने घाईघाईने पोरीचे कपडे भरले आणि तिला घेऊन गेली. मला रडूसुद्धा आलं नाही. यंत्रावर बसले आणि गिऱ्हाइकाची बाही शिवत राहिले. दप्तराला बंद लावायचे राहिले होते, ते तसेच राहिले.

घाईत पांघरूण इथेच राहिलं. आज भिजत घातलं. पाणी काळं झालं. ओतलं, दुसरं घेतलं, तेही काळं. वर तेलकट तवंग आणि नाकात जाणारा उग्र वास. हात पाण्यातच होते माझे. किती वेळ, कोण जाणे. मग पुसले आणि फोन लावला.

"ताई, तिला त्रास माझ्या घराने नाही झाला. तुझ्या पांघरुणाने झाला. मशालीची काजळी बसलीय त्यात. मी येते, तिला परत घेऊन येते."

"हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय तिचा." ताई कुजबुजली. पलीकडे चिमीचा श्वास ऐकू येत होता, घरघर करत. "हे नाही पाठवायचे आता. तिकडेही खोकलीच, म्हणतात."

"ते मी बघते. आधी तिच्या अंगावर काय घातलंयस, ते काढ."

तिने कपाट उघडल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "काढते गं. पण दुसरं काय घालू? घरातलं सगळंच मशालीवर वाळतं."