बाबांच्या राखेचं छत

मठातल्या बाबांनी हातोडा उगारला आणि नव्या घरासमोर जमलेली माणसं श्वास रोखून पाहू लागली. पहिला ठोकळा साध्या काँक्रीटचा. एका घावात त्याचा भुगा झाला. दुसऱ्यात बाबांची मंतरलेली राख होती. त्यावरून हातोडाच उसळला. लगेच राखेच्या पुड्यांसाठी झुंबड उडाली.

पाणी मारलंत तर राखेतली शक्ती वाहून जाईल, बाबांनी बजावलं. छताखालचे टेकू उद्याच काढा, आणि शंका घेणाऱ्याचं छत टिकत नाही. म्हणजे छत कोसळलं तरी बाबा नामानिराळे!

घर विज्ञानाच्या बाईंचं होतं. परवाच छत घातलं त्यांच्या सख्ख्या दादानं. तो नावाजलेला गवंडी. वडिलांमागे त्यानंच बाईंना शिकवलं होतं. म्हणून त्यानं राख मिसळली तेव्हा त्या गप्प बसल्या, फक्त त्याच मालाचा एक ठोकळा बाजूला भरून ठेवला. पण त्या छताखाली आईची खाट लागणार होती. त्यात आज सकाळी दादाच्या आवारात, पाण्याच्या हौदात, शेवाळ चढलेले राखाडी ठोकळे त्यांनी पाहिले होते.

बाईंनी आपला ठोकळा पुढे ठेवला. "हाही तुमच्याच राखेचा. पाण्याचा थेंब लागलेला नाही. मारा."

बाबा दादाकडे बघायला लागले. बाईंनीच हातोडा घेतला. ठोकळा ढेकळासारखा फुटला.

चलाखी एवढीच होती. फुटलेला साधा ठोकळा कालचा, कच्चा. न फुटलेला कित्येक महिने पाण्यात मुरलेला. राख वीजकेंद्राच्या कोळशाच्या भट्टीतली. तिनं काँक्रीट खरंच टिकाऊ होतं, पण सावकाश, आणि भरपूर पाणी मिळालं तरच. बाईंनी हे सगळ्यांना समजावेपर्यंत बाबांनी काढता पाय घेतला होता.

"वीजकेंद्राची राख म्हटलं की लोक नाक मुरडायचे," दादा पुटपुटला. "बाबाला पुढे केलं, तर रांग लागली."

"आणि तो पाणी मारू नका म्हणाला, तेव्हा?"

"पाणी लागतं म्हटलं, तर चमत्कार कसला?"

"आई झोपणार होती रे तिथे."

बाबाचा बाईंना राग आला होता. दादाचं वागणं मात्र जिव्हारी लागलं. त्या लोकांकडे वळल्या.

"टेकू एवढ्यात काढू नका. रोज पाणी मारा. राख चांगलीच आहे, पण कुठून आली, कशी काम करते, हे विचारा. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या भरवशावर छताखाली झोपू नका."

छतावर पाणी मारायला दादानं नळी उचलली. बाईंनी ती त्याच्या हातून काढून घेतली.

"तू राहू दे," त्या म्हणाल्या.