वाफ माझी, भाडं मेहुण्याचं

मी बॉयलर बोलतोय. कागद गिरणीच्या मागच्या शेडमधला. बोलतोय कसला, खदखदतोय! आणि आजची खदखद कोळशाची नाही.

मला इथे बसवलं तेव्हा माझ्याभोवती विटांचं बांधकाम केलं. त्यानंतर मी जागचा तसूभर हललो नाही. मिस्त्रींनी आयुष्यभर माझी आग आणि माझा दाब सांभाळला. निवृत्त होताना हातात आलेल्या पैशांतून त्यांनी याच गिरणीचे शेअर घेतले. "आपल्या घामाची कंपनी आहे," असं ते बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले. काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यातूनच व्हायचं होतं.

मग मालकांच्या मुलाने कारभार हाती घेतला. एक दिवस तो मेहुण्याला घेऊन शेडमध्ये आला. "हे धूड म्हातारं झालंय, भंगाराच्या भावात घेऊन टाक," म्हणाला. मेहुण्याने घेतलं, आणि महिन्याभरात मला परत गिरणीलाच भाड्याने दिलं! मी होतो तिथेच होतो. फक्त पोटावरची पितळी पाटी बदलली. विकताना मी म्हातारा, पण भाडं ठरवताना मात्र तरणाबांड, कारण भाडं लावलं नव्या बॉयलरचं. लाजा कशा वाटत नाहीत यांना?

गिरणीचा नफा त्या भाड्यात जाऊ लागला. लाभांश बंद झाला, शेअर घसरला. माझी झडप गळते. गिरणी म्हणते, बॉयलरच्या मालकाने दुरुस्त करावी. मेहुणा म्हणतो, वापरणाऱ्याने.

वार्षिक सभा शेजारच्या कॅन्टीनमध्ये भरली. मिस्त्री उभे राहिले.

"साहेब, आपलाच बॉयलर आपण भाड्याने का घेतला?"

"मिस्त्री, या कारभारातल्या गोष्टी आहेत. तुम्ही चहा घ्या."

लोक हसले. भाड्याच्या मंजुरीला हात वर झाले ते या धाकट्या मालकाचे, त्याच्या आईचे, बायकोचे आणि चक्क त्या मेहुण्याचे! विरोधाला एकटे मिस्त्री. बाकीच्यांच्या हातात कप होते. तो चहासुद्धा माझ्याच वाफेवर उकळलेला.

सभा संपल्यावर मिस्त्री माझ्यापाशी आले.

"शेअर विकतोय बाबा. येतील तेवढ्यात एका डोळ्याचं होईल."

तुम्हीही कुठल्यातरी कंपनीचे मालक असाल, चिमूटभर का होईना. पुढच्या सभेत कप खाली ठेवा आणि विचारा, भाडं कुणाच्या घरी जातंय? आमच्या काकूंचा एक डोळा त्या भाड्यात गेलाय.